मिश्री मी भाजायचो

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक गोणपाट पिळणं.

त्यात सांगण्यासारखं काही नाही. सोलापूरच्या आमच्या कोरड्या पट्ट्यात चैत्र-वैशाखात पत्र्याच्या शेडात दुपारी शेरडं उभी राहत नाहीत. जीभ बाहेर काढून धापा टाकतात. म्हणून मावळतीच्या अंगाला ओली गोणपाटं लावायची. हौदात गोणपाट बुडवायचं, एक टोक कारभारणीनं धरायचं, एक मी, आणि दोघांनी उलट्या अंगांनी पीळ द्यायचा. पाणी फार राहिलं तर गोणपाट जड होतं आणि खिळ्यावरनं फाटून खाली येतं. एकट्या माणसाचं काम नाही ते.

त्या दिवशी ती अंगणात लिंबाखाली बाजेवर होती. बसायची, पण उठायची ताकद राहिली नव्हती. मी एकट्यानंच गोणपाट ओढत आणलं आणि आता हे पिळावं कसं म्हणून उभा राहिलो, तर तिनं हात पुढं केला.

म्हणलं, "राहू दे. तुला न्हाय व्हायचं."

तिनं हात मागं घेतला नाही. मग दिलं टोक तिच्या हातात. तिनं नुसतं धरलं, पीळ सगळा मी दिला. पण धरलं घट्ट. पाणी तिच्या पायांवर पडलं, ते गार लागलं असावं. तिनं पाय तिथंच ठेवले.

ओसरीवर तिची धाकटी बहीण जेवत होती. ही करकंबला दिलेली, उसाच्या गावात. बहिणीचं बघायला म्हणून आठ दिवसांपासून आमच्याकडं राहिली होती. आमच्या कारभारणीचं बोलणं ऑपरेशनपासून जवळजवळ गेलंच होतं. डावा गाल आणि जबड्याचा थोडा भाग काढला होता. जे बोलायची ते मला आणि सुनेला कळायचं, दुसऱ्याला नाही. त्या दुपारी तिनं बोटानंच बहिणीकडं दाखवलं. मग स्वतःच्या उजव्या गालाला बोट लावलं आणि तेवढ्याच बाजूनं चावल्यासारखं केलं. पुन्हा बहिणीकडं बोट.

मी बघितलं. मेव्हणी भाकरी कालवणात कुस्करून, अगदी बारीक करून, एकाच गालात घेत होती. दुसरा गाल हलत नव्हता.

कारभारणीचंही असंच झालं होतं. तेव्हा मला कळलं नव्हतं.

मी म्हणलं, "व्हय. बगतो."

ती म्हणाली, "कवा?" हा शब्द तिचा साफ आला.

म्हणलं, "उद्या."

मग तिनं गोणपाटाचं टोक सोडलं. मी ते नेऊन शेडाला लावलं, दुसरं भिजवलं, तेही लावलं. परत आलो तर ती आडवी झाली होती. झोपली असंल म्हणून मी तिच्या अंगावर पातळ टाकलं आणि शेजारी बसलो. थोड्या वेळानं सून ताक घेऊन आली, तिनं हाक मारली, आणि मग आम्हाला समजलं. मुलगा तालुक्याला टेम्पो घेऊन गेलेला, तो आला. पाहुणे जवळचेच, तेही आले. दिवस मावळायच्या आत माती झाली.

आता मागचं सांगतो. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी जे केलं ते नुसतं म्हाताऱ्याचं डोकं फिरल्यासारखं वाटंल. तसं काहीजण म्हणालेही.

तीन उन्हाळ्यांमागं आमच्या वस्तीवर आशाताई पहिल्यांदा आली. पोरगी नवीन होती, लग्न होऊन गावात आलेली. आता तीच सगळ्यांची ताई झाली. तेव्हा आम्ही तिला नीट बसायलासुद्धा म्हणलो नव्हतो. अकराच्या उन्हात स्कूटीवर आली, तोंडाला रुमाल, हातात वही. लिंबाखाली उभी राहूनच बोलायला लागली. बारा ते चार उन्हात जाऊ नका. डोक्याला ओलं फडकं बांधा. तहान नसली तरी पाणी प्या. घाम यायचा बंद झाला, अंग तापलं, बडबडायला लागलं तर सावलीला न्या, अंगावर पाणी मारा आणि दवाखान्यात आणा. दारा-खिडक्यांना ओले पडदे लावा.

मी म्हणलं, "पडदे? आमच्या चौकटीला दार धड न्हाय."

तर कारभारीण घरातनं म्हणाली, "गोणपाट लावू की. शेरडास्नी बी लावू."

पोरगी हसली. म्हणाली, "आजी हुशार हायत."

"हुशार हाय म्हणून तर माझ्यासंगं नांदली," मी म्हणलं. "दुसरी पळून गेली असती."

"पळायला रस्ता कुटं हाय वस्तीवरनं?" आतनं आवाज आला.

गोणपाटं तशी सुरू झाली. उन्हाचं ताईनं जे जे सांगितलं ते आम्ही केलं. शेरडांसाठीसुद्धा केलं. त्या उन्हाळ्यात आमचं एकही करडू मेलं नाही. मग वही उघडून तिनं दुसरं विचारायला सुरुवात केली. घरात तीस वर्षांवरचे कोण कोण, शुगर हाय का, बीपी हाय का. तोंडाच्या कॅन्सरची तपासणी हाय, पुढल्या आठवड्यात उपकेंद्रात डॉक्टर येणार. तंबाखू कोण कोण खातं?

मी खिशातली पुडी काढून तिला दाखवली. म्हणलं, "मी. पन्नास वरसं. लिव."

तिनं लिहिलं. मग आत बघून म्हणाली, "आणि आजी? आजी तंबाखू किंवा..."

तिचं बोलणं मी पुरं होऊ दिलं नाही. म्हणलं, "ती कशाला खाईल तंबाखू? माझ्या घरातली बाई तंबाखू खात न्हाय."

ताईनं वहीत रेघ मारली. मला ती रेघ अजून दिसते.

आता कोणी म्हणंल, मिश्री लावत होती की नाही? लावत होती. लगीन झाल्यापासून लावत होती. सकाळी उठल्या उठल्या, जेवणानंतर, शेरडं सोडून आल्यावर. पण मिश्री म्हणजे तंबाखू हे आमच्या डोक्यातच नव्हतं. खोटं नाही सांगत. तंबाखू म्हणजे चुना लावून दाढंखाली धरायची ती. ती पुरुष खातात, वाईट आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. मिश्री तव्यावर भाजली, काळी केली, चुरली की ती दात घासायची झाली. माझी आई लावायची, तिची आई लावायची. बाई पाहुणी आली तर आधी पाणी, मग चहा, मग मिश्रीची डबी पुढं करायची. नाही केली तर परत जाताना नाव ठेवून जाती. त्यात कोणाला तंबाखू दिसंल?

आणि मिश्री मी भाजायचो.

हे आता लिहायला जड जातंय, पण लिहितो. बाजारातनं तंबाखू आणायचो, अंगणात तीन दगडांची चूल मांडायचो आणि जुन्या तव्यावर ती मीच भाजायचो. तिला धूर सोसायचा नाही. शिंका यायच्या, डोळ्यांतनं पाणी यायचं. थोरला मुलगा पोटात होता तेव्हा एकदा धुरानं चक्कर येऊन पडली, तेव्हापासनं मी म्हणलं, तू बाजूला हो. चाळीस वर्षं मीच भाजली. वस्तीवरची माणसं चेष्टा करायची, "काय कारभारी, आज सैपाक तुमच्याकडं व्हय?" मी म्हणायचो, "व्हय, तुमची बायकू बी धाडा जेवायला." मला त्यात कमीपणा वाटला नाही. उलट वाटायचं, बायकोचं मी एवढं तरी करतो. दुसरं काही तिच्यासाठी केलेलं मला आठवत नाही. लुगडं मुलगा आणायचा.

मला वास पक्का कळायचा. किती भाजली म्हणजे कडू होत नाही, किती भाजली म्हणजे चुरा बारीक होतो. तिची बहीण करकंबहून आली की म्हणायची, "दाजींच्या हातची मिश्री न्यायला आलेय, ताईला भेटायला न्हाय." ही म्हणायची, "मग दाजींनाच घिऊन जा की. खातो लई, तेवढं बघ." डबी भरून द्यायचो मी. दोन्ही बहिणींची मिश्री एकाच तव्यावरची.

पुढल्या आठवड्यात मी उपकेंद्रात गेलो. चांगला धुतलेला सदरा घालून गेलो. डॉक्टरनं बॅटरी मारून तोंड बघितलं, जीभ ओढून बघितली, म्हणाला साफ आहे, पण तंबाखू सोडा. मी मान हलवली आणि दारात येऊन पुडी काढली. घरी येऊन तिला सांगितलं, "एकदम साफ. पोराचं असावं तसं तोंड हाय म्हणाला."

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "माझं बी बगायचं व्हतं की."

मी म्हणलं, "तुझ्या तोंडात काय बगायचंय? जीभ लई लांब हाय, येवढं मला ठावं हाय."

ती हसली. मीही हसलो. मग शेंगांची चटणी आणि भाकरी खाल्ली. त्या दिवशी तिनं चटणी घेतली नाही, नुसतं दूध घेतलं. ते मला आठवतंय, म्हणजे बघितलं होतं मी. बघून काय केलं? काही नाही.

पुढं पावसाळाभर आणि हिवाळाभर ती भाकरी कुस्करून खायला लागली. मी म्हणायचो, "काय गं, दात पडलं का? तान्ह्या पोरावानी दुधात भिजवतीस." ती म्हणायची, "वय झालं की वो." आणि दाढ दुखते म्हणून मिश्री जास्त लावायला लागली. लावली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं तिला. महिन्याला जी डबी पुरायची ती पंधरा दिवसांत संपायला लागली. मी दर बाजाराला तंबाखू आणली आणि भाजली. एकदा म्हणलं, "किती लावतीस गं?" म्हणाली, "तुमच्या हातची गोड लागती." मला बरं वाटलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात ताई परत आली. आता ओळख झालेली. बाजेवर बसली, पाणी प्याली. ऊन त्या वर्षी लवकर लागलं होतं आणि कारभारीण शेरडं घेऊन येताना बांधावर बसकण मारून राहिली होती, चक्कर आली म्हणून. ताईनं पिशवीतनं पाकिटं काढली, मीठ-साखरेच्या पाण्याची. तांब्याभर पाण्यात एक पाकीट ओतलं, ढवळलं आणि म्हणाली, "आजी, हे माझ्यासमोर प्या. थोडं थोडं."

तिनं घोट घेतला आणि डोळे मिटून गाल हातानं दाबून धरला. आवाज केला नाही. नुसतं पाणी आलं डोळ्यांतनं.

मी म्हणलं, "काय झालं? खारट हाय व्हय?"

ताई माझ्याकडं बघत नव्हती. तिच्याकडं बघत होती. म्हणाली, "आजी, तोंडात जखम हाय का?"

"न्हाय गं. दाढ हाय."

"दाखवा बरं."

तिनं पदर तोंडावर घेतला. आमच्यात बाई नवऱ्यासमोर आ वासून तोंड उघडत नाही, जांभई आली तरी पाठ करते. ताईला ते कळलं. म्हणाली, "आबा, तुमी जरा भायेर जाता का?"

म्हणलं, "भायेरच हाय की मी."

"मग शेरडांकडं जा."

गेलो. शेडात उभा राहिलो. गोणपाटातनं पाणी ठिबकत होतं. परत बोलावलं तेव्हा मोबाईलची बॅटरी अजून पेटलेली होती आणि ताईचं तोंड उतरलं होतं. म्हणाली, "आबा, उद्याच सोलापूरला न्या. मी चिठ्ठी देते." मग म्हणाली, "मिश्री किती वरसं लावतायत आजी?"

म्हणलं, "लगीन झाल्यापासनं. का?"

तिनं वहीचं मागचं पान काढलं, आदल्या वर्षीचं, आणि त्या रेघेकडं बघत बसली. शेवटी म्हणाली, "माझी चूक झाली आबा. मी त्यांनाच विचारायला पायजे व्हतं."

मी म्हणलं, "तू विचारलंस. उत्तर मी दिलं."

सोलापूरचं फार सांगत नाही. ज्यांनी बघितलंय त्यांना ठाऊक आहे, ज्यांनी नाही त्यांना सांगून काय उपयोग. डॉक्टर चांगले होते. एकजण म्हणाला, वर्षभर आधी आणलं असतं तर नुसता चट्टा असता, एवढं कापावं लागलं नसतं. त्यानं रागानं नाही म्हणलं, वहीत लिहिता लिहिता म्हणलं. ऑपरेशन झालं, मग मशीनखाली शेक देणं झालं, एसटीनं येणं-जाणं झालं. नाकातनं नळी होती तेव्हा सून तिला पातळ पेज घालायची. मी तंबाखू तेव्हा सोडली नाही, खोटं कशाला सांगू. दवाखान्याच्या भिंतीपाशी बसून रोजच्यापेक्षा जास्त खाल्ली. सुटली ती नंतर. कारभारीण घरी आली आणि एक दिवस मी पुडी उघडताना बघत बसली. मी पुडी परत बांधून ठेवली, ती अजून देवळीत तशीच आहे.

मिश्री तिनं सोडली होती. तवा मी उकिरड्यावर टाकला, तर तिनं सुनेकडनं परत आणवला. म्हणाली, तव्याचा काय दोष. त्या तव्यावर मग शेंगा भाजायची सून.

बहिणीला तिनं सांगून बघितलं. वर्षभर सांगितलं. बहीण म्हणायची, "सोडते गं ताई, सोडते." आणि शेडामागं जाऊन लावायची. दाजींच्या हातची बंद झाली तर करकंबच्या दुकानातनं घ्यायला लागली. आमच्या आशाताईकडं तिचं नाव दिलेलं नव्हतं, ती आमच्या गावची नाही. तिच्या गावातल्या आशाताईनं विचारलं तेव्हा हिनं काय सांगितलं ठाऊक आहे? "मी तंबाखू खात न्हाय." तिथं तर उत्तर द्यायला मीसुद्धा नव्हतो.

आता त्या सकाळचं.

माती झाल्यावर घरात चूल पेटत नाही. शेजारच्या वस्तीवरनं चहा आला, चपात्या आल्या. रात्री राहिलेल्या बायका उठून ओसरीवर बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी असतं तसंच, कोणी रडून दमलेलं, कोणी पोरांना चहा पाजतंय. मुलगा आत पाहुण्यांत बसला होता. मेव्हणीनं कमरेची डबी काढली, बोट बुडवलं आणि लावायला लागली. उजव्या बाजूला बोट सरळ फिरलं. डाव्या बाजूला गेलं आणि तिथंच थांबलं, दाबून राहिलं. मी समोरच बसलो होतो.

मी उठलो, पायात वहाणा घातल्या.

सून म्हणाली, "मामा, कुटं निघाला? आज भायेर जायाचं नसतंय."

म्हणलं, "आलो."

डोकं भादरलेलं होतं. तशा डोक्याला पागोटं बांधत नाहीत. पण ऊन सकाळी आठलाच चटकत होतं आणि ती असती तर ओलं फडकं बांधा म्हणाली असती. मी टॉवेल हौदात बुडवला आणि डोक्याला गुंडाळला. गाव मैलभर आहे. वाटेत दोघेजण भेटले, एकानं वाट सोडली, दुसरा म्हणाला, "आबा, आज?" मी थांबलो नाही.

ताईच्या दारात गेलो नाही. सुतकातला माणूस, कुंपणाबाहेर उभा राहिलो आणि हाक मारली. ती हातात कपबशी घेऊनच बाहेर आली. मला बघून तिला रडू यायला लागलं.

"आबा, मी येणारच व्हते भेटायला."

म्हणलं, "भेटायला नगं येऊ. बॅटरी घिऊन ये."

तिनं कारण विचारलं नाही. वही घेतली, पिशवी घेतली, स्कूटी काढली. म्हणाली, "बसा मागं." म्हणलं, "मला शिवायचं नसतंय आज." म्हणाली, "ह्या उन्हात मला दोन डाव आंगूळ करावीच लागती. बसा." बसलो.

आम्ही ओसरीवर आलो. मी मेव्हणीला म्हणलं, "ताईला तोंड दाखव."

ती उठून उभी राहिली. "दाजी, तुमाला काय वाटतंय का न्हाय? काल ताई गेली. तिची राख गार झाली न्हाय आन् तुमी माझं तोंड तपासताय?"

"तिनंच सांगितलंय."

"कवा? तिला बोलता कुटं येत व्हतं?"

"काल दुपारी. दावलं तिनं."

"काय दावलं?"

आता हे कसं सांगावं. मी खाली ओट्यावर बसलो, उजव्या गालाला बोट लावलं आणि तेवढ्याच बाजूनं चावून दाखवलं. मग तिच्याकडं बोट केलं. भादरलेला म्हातारा, डोक्यावर ओला टॉवेल, आणि तोंडात काही नसताना चावतोय. कोपऱ्यात एका बाईला हसू आलं, तिनं पदर तोंडात कोंबला. मेव्हणी हसली नाही. माझ्याकडं बघत राहिली. मग तिचा हात आपोआप डाव्या गालाला गेला, तो तिनं लगेच खाली घेतला.

"दाढ हाय ती," ती म्हणाली.

मी म्हणलं, "तिची बी दाढच व्हती."

ती बसली. सुनेनं तिच्या हातातनं डबी काढून घेतली, तिनं ती घेऊ दिली. बराच वेळ रडली. काल मातीच्या वेळी रडली नव्हती एवढी. मग म्हणाली, "दाजी हितं असताना मी न्हाय उघडणार."

म्हणलं, "मी चाललो शेरडांकडं."

दोन पावलं गेलो, तर ताईनं वही उघडली आणि सवयीनं माझ्याकडं बघून विचारलं, "आबा, ह्यांना तंबाखू, मिश्री..."

मी म्हणलं, "मला नगं विचारू. तिलाच विचार. आन् ती सांगंस्तवर थांब."

शेडात आलो. कालची गोणपाटं वाळून कडक झाली होती. शेरडं आतापासनंच पत्र्याखालनं बाहेर बघत होती. मी एक गोणपाट काढलं, हौदात बुडवलं. मागं ओसरीवरनं मेव्हणीचा आवाज येत होता, आधी बारीक, मग नीट. सकाळी एकदा. जेवल्यावर. दुपारी बी. न्हाय, दोनदा. ताई मध्ये बोलत नव्हती. मग दोघी आत गेल्या आणि आवाज बंद झाला.

गोणपाटाचं एक टोक मी शेडाच्या खांबाला, मेढीला, बांधलं. दुसरं धरून पीळ दिला. गाठ सरकली. परत बांधली, दोन फेरे जास्त घेतले.

ताई बाहेर आली. म्हणाली, "जखम न्हाय आबा. पांढरा चट्टा हाय, डाव्या गालात. डॉक्टरांनी बगितल्याबिगर मी काय म्हणणार न्हाय. पण लवकर आलोय आपण, येवढं म्हणते. आज अकराला उपकेंद्रात डॉक्टर हायत. कोण नेतंय?"

मी आत आवाज दिला. मुलगा बाहेर आला. त्याला म्हणलं, टेम्पो काढ, मावशीला घेऊन जा, तुझ्या बायकोलाही संगं ने. तो म्हणाला, "आबा, पाहुणे येणार हायत भेटायला."

म्हणलं, "पाहुण्यांना मी हाय. दुपार व्हायच्या आत परत या, आन् पाण्याची बाटली घ्या."

ते निघाले. मेव्हणी टेम्पोत बसताना माझ्याकडं बघत नव्हती. राग होता तिला, आणि असूही दे.

मेढीनं टोक घट्ट धरलं होतं. मी पीळ दिला, पाणी जमिनीवर पडलं. मग गोणपाट खांद्यावर घेऊन खिळ्याला लावलं, आणि दुसरं हौदात बुडवलं.